गावाने केलेला आहेर

बोरजाई, ता. नेवासा
२१ मार्च २०२५

प्रिय धना,

खुशाली शेवटी विचारीन. आधी मुद्दा.

काल आपण फोनवर पाऊण तास बोललो आणि त्यात मला एकही वाक्य पुरं करता आलं नाही. तुझंही हेच म्हणणं असेल. नगरच्या कॉलेजात आपण दोघी वादविवादाला एकाच संघातून उभ्या राहायचो, तेव्हा आपली तोंडं समोरच्यांकडे असायची. आता ती एकमेकींकडे वळली आहेत. तू कारखान्यावर येतेस तेव्हा भोवती बायका असतात, त्यांच्यासमोर हे बोलता येत नाही. म्हणून पत्र. गोरक्ष टेम्पो घेऊन रोज तुझ्या केडगावच्या गोदामावर येतोच, त्याच्याजवळ देते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, एवढं तरी सुख.

तर ऐक. तीन वर्षांपूर्वी तू आमच्या माळावर कांदा वाळवायचा कारखाना काढलास. तुला इथे मीच आणलं. ग्रामपंचायतीने तुझ्याशी करार केला, की कारखान्याची पूर्ण घरपट्टी घ्यायची नाही, वर्षाला थोडी ठोक रक्कम घ्यायची, आणि बदल्यात तू गावातल्या चाळीस बायकांना काम द्यायचं. शिवाय सरकारने जमिनीच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क सोडलं, विजेवरचं शुल्क सोडलं. त्यात काही वावगं नव्हतं. सरपंच म्हणून मी सही केली आणि उद्याही करीन. पण तो करार आता मार्चअखेर संपतो आहे. पुढची तीन वर्षं सवलत द्यायची का, हे एक मेच्या ग्रामसभेत ठरेल. आणि मी ठरवलं आहे, हात वर करायच्या आधी सगळं माईकवर वाचायचं. गावाने काय सोडलं, सरकारने काय सोडलं, तू काय कबूल केलंस आणि काय केलंस. तुझ्या एकटीचं नाही. गावाने ज्याला ज्याला काही सोडलं आहे, त्या प्रत्येकाचं.

काल तू म्हणालीस, "माझी धिंड काढणार का?" धना, सवलत म्हणजे सौदा आहे. गाव म्हणतं, आम्ही एवढं सोडतो, तू एवढं कर. सौदा चारचौघांत होतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे ते दिवस गेले, आणि तिथेसुद्धा बैल कोणी कोणाला विकला हे सगळ्या बाजाराला दिसायचं!

मला फक्त एवढं हवं आहे. हजेरीवर किती बायका आहेत, तो आकडा लिहून पाठव.

बाकी ठीक. तुझ्या गुडघ्याचं कसं काय?

तुझी,
विजू

---

केडगाव, अहिल्यानगर
२५ मार्च २०२५

प्रिय विजू,

पत्त्यात अहिल्यानगर लिहिलं आहे. गोरक्ष मात्र अजून "नगरला चाललो" असंच म्हणतो, आणि पत्र पोचवतो. गुडघा बरा आहे. राग बरा नाही.

मी काय करते हे तुझ्या गावाला माहीत नाही का? कारखान्याला चार भिंती आहेत, आणि कांद्याचा वास त्या भिंतींना जुमानत नाही. अर्ध्या गावाच्या डोळ्यांना माझ्यामुळे पाणी येतं. आणखी काय जाहीर करायचं?

माझं ऐकून घे. मला किती सूट मिळते हे माईकवर आलं, की दुसऱ्या दिवशी व्यापारी म्हणणार, "ताई, तुम्हाला एवढं सुटतं, मग भाव कमी करा." शेतकरी म्हणणार, "एवढं सुटतं, मग आमच्या कांद्याला जास्त द्या." पाहुणे म्हणणार, "एवढं सुटतं, मग आमच्या पोराला उसने द्या." मी तिघांच्या मध्ये आधीच सोलून निघालेली आहे.

आणि दुसरं. मोठमोठ्या कंपन्यांना केवढं काय सुटतं, ते कोणत्या देवळासमोर वाचलं जातं? त्यांच्या दाराशी तुझा माईक जात नाही. जातो तो माझ्या दाराशी, कारण मी मैत्रीण आहे, जवळ आहे आणि बाई आहे.

तू वाचणार असशील तर वाच. पण मग मी यंत्रं उचलून सुप्याला नेते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत कोणी कोणाचं नाव पुकारत नाही. मग तुझ्या बायकांना काम कोण देणार, ते ग्रामसभेला विचार.

आकडा पाठवणार नाही.

तुझीच, पण सध्या रागावलेली,
धनश्री

---

बोरजाई
३१ मार्च २०२५

प्रिय धना,

काल पाडवा झाला. गोरक्षकडे डबा दिला आहे. पुरणपोळ्या खा आणि मग हे वाच. उपाशीपोटी वाचू नकोस, तू उपाशी असलीस की कोणाचंच पटत नाही तुला.

तुझी वाक्यं चांगली आहेत. 'सोलून निघालेली' वर मी टाळी दिली असती. पण टाळी देऊन मुद्दा सोडणाऱ्यातली मी नाही.

व्यापाऱ्याचं म्हणतेस? तो आजही अंदाज करतोच, आणि खऱ्यापेक्षा दुप्पट धरतो. आमच्या पारावर परवा एकजण सांगत होता, की तुला कारखान्याची जमीन फुकट मिळाली आणि वर सरकारने मोटार दिली. तू जुन्या स्कूटरवर येतेस हे तो रोज बघतो, तरी शपथेवर सांगत होता! शेंडाबुडखा नसलेल्या गोष्टी अशाच वाढतात. खरा आकडा त्यापेक्षा किती लहान आहे, आणि किती साधा.

मोठ्या कंपन्यांचा तुझा प्रश्न मात्र वर्मी लागला. होय, त्यांचंही वाचलं गेलं पाहिजे. तालुक्यात, जिल्ह्यात, मुंबईत, प्रत्येक ठिकाणी. कर सोडणं म्हणजे खर्च करणंच आहे. रस्त्यावर एक रुपया खर्च झाला तर त्याची पावती मागता येते. तोच रुपया एखाद्याला सोडून दिला तर तो झालाच नाही असं धरतात. का? तो रुपया कोणाचा होता? डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन माळ चढणाऱ्या बाईचा होता! तिला विचारायचा हक्क आहे, की माझ्या नावाने तू कोणाला काय दिलंस आणि माझ्या हाती काय आलं. हा प्रश्न मला उद्या मोठ्यांना विचारायचा आहे. आणि त्यांनी मला, "बाई, तुमच्या मैत्रिणीचं काय?" असं विचारलं तर माझ्या तोंडातून शब्द फुटला पाहिजे. घरच्या माणसाला जो सूट देतो, त्याचा आवाज बाहेर चढत नाही.

सुप्याला जाण्याचं तू रागात लिहिलंस, मी ते मनावर घेतलेलं नाही. तुझं माळावर मन बसलं आहे. उन्हाळी कांद्याचे ट्रॅक्टर आले की तू लहान पोरीसारखी गेटवर येऊन उभी राहतेस, हे मी पाहिलं आहे.

भावाचीच भीती असेल तर ती सोड. तुझ्या कांद्याची पावडर बाजारात चांगली म्हणूनच चालते.

माझी काळजी करू नकोस. इथे सगळं मस्त चाललं आहे.

तुझी,
विजू

ता.क. डबा परत पाठव. रिकामा चालेल.

---

केडगाव
२० एप्रिल २०२५

प्रिय विजू,

वीस दिवस उत्तर दिलं नाही. डबा मात्र दुसऱ्या दिवशी पाठवला होता, त्यात शेव घालून. त्यावरून तुला कळलं असेल की मी तुटलेली नाही, फक्त फुगलेली आहे.

परवा पूजाच्या लग्नाला आले होते. तू नेवाशाला बैठकीला गेली होतीस, म्हणून चुकामूक झाली. पूजा माझ्याकडे ड्रायरवर काम करते, पहिल्या दिवसापासूनची मुलगी. नवरा सोनईचा, किराणा दुकानदार, हसरा. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि तुमचा तो वैजनाथ माईक घेऊन आहेर पुकारायला लागला. मी शहरातली. आमच्याकडे पाकीट द्यायचं आणि जेवून निघायचं. इथे तर एकेक नाव कडाडत होतं! "सोनईचे पाव्हणे, यांच्याकडून नवरीला मिक्सर! धन्यवाद!" "नवरीची आत्या, एकावन्न रुपये आणि ब्लाउजपीस! धन्यवाद!" ज्याचं नाव पुकारलं तो मांडवात जरा ताठ होऊन बसायचा. एकावन्नवालीसुद्धा. मग माझं नाव आलं. शिलाई मशीन दिलं होतं मी. वैजनाथने त्याला असा सूर लावला, की मी विमान दिलं असं वाटावं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारून छबूबाई. माहीत आहे ना, ती वस्तीवरची, दात दोन आणि जीभ पूर्ण.

"काय गं कारखान्यावाली, तुझा आहेर तर दणक्यात वाजला. गावानं तुला केलाय तो कवा वाजायचा?"

मी म्हटलं, "कुठला आहेर, आजी?"

"घरपट्टीचा. आमच्या पत्र्याच्या खोलीची पट्टी थकली की पंचायतीच्या फळ्यावर आमचं नाव लावत्यात. येनारा-जानारा वाचतो. तुझी तर माफच झाली, आन् तुझं नाव कुठंच न्हाई. ह्यो कंचा न्याय?"

मी नुसतं "बघू" म्हटलं.

"बघ बघ. तू बघस्तवर ती इजू जाती घरी. त्या पुंजाराम मेंबरनं सह्या गोळा केल्यात तिच्याइरुद्ध. अविश्वास आनायचाय त्याला. म्हनतोय, सरपंचीन मैत्रिनीचं घर भरती. तुला न्हाई सांगितलं व्हय तिनं?"

नाही सांगितलंस, विजू. "इथे सगळं मस्त चाललं आहे." पुरणपोळ्या पाठवल्यास आणि खुर्ची हलते आहे हे पाठवलं नाहीस.

आता माझं ऐक. तुला वाटलं मी भावाला घाबरते. भावाला मी घाबरत असते तर कांद्याचा धंदा केला असता का? मी आकडा पाठवला नाही, कारण आकडा चाळीस नाही. सव्वीस आहे. गेल्या दिवाळीत कांदा कापायचं यंत्र घेतलं आणि चौदा जणींची हजेरी बंद झाली. त्यांना मी अगदीच सोडलं नाही. गोरक्ष वस्तीवर कांद्याच्या गोण्या टाकतो, त्या घरी बसून सोलून देतात, गोणीमागे पैसे. पण करारात लिहिलं आहे 'हजेरीवर चाळीस'. तू ग्रामसभेत माझ्यासाठी शब्द दिला होतास. तो माझ्यामुळे खोटा पडलेला माईकवर वाचला जाईल, आणि तोही तुझ्याच तोंडून, हे मला नको होतं. म्हणून भांडत होते. भांडण मला सोपं जातं.

तर वाच. सव्वीस. यंत्राचंही वाच. सवलत काढून घेतली तर घेऊ देत. फक्त ही चूक कारखान्याची आहे, सरपंचाची नाही, एवढं पहिल्या वाक्यात येऊ दे.

मी येणार नाही. मशीन पुकारलेलं ऐकायला छाती फुगली, हे ऐकायला तेवढी छाती नाही.

तुझी,
धना

---

बोरजाई
२२ एप्रिल २०२५

धना,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर येण्यासारखं नाही. चौदा बायका! मी रोज त्या वस्तीवरून जाते, ओट्यावर कांदे सोलत बसलेल्या बघते आणि समजते की घरचंच काम चाललं आहे. म्हणजे कारखान्याची चूक पहिल्या वाक्यात आणि डोळे मिटून चालणाऱ्या सरपंचाची दुसऱ्या वाक्यात. हे तुला मान्य करावं लागेल.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. तू मला वाचवायला लपवत होतीस आणि मी तुला. दोघींनी मिळून पुंजारामनानांना सह्यांसाठी पेन पुरवलं! झाकून ठेवलं म्हणूनच ना ते चोरीचं दिसलं? मी महिनाभर ज्या गोष्टीवर भाषण ठोकते आहे, ती माझ्याच पत्रांत घडत होती.

तर आता असं. त्या विषयापुरती मी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणार नाही, खाली सतरंजीवर बसेन. वाचणारही नाही. तू माझी मैत्रीण, मी वाचलं तर गोड करून वाचते असं म्हणतील. वैजनाथ वाचेल. गावात माईक त्याच्याच हातात शोभतो. त्याला बजावलं आहे, लग्न नाही, सभा आहे, सरळ वाच.

तू येऊ नकोस म्हणतेस, ठीक. पण एक मेला फोन बंद ठेव. दहा जण दहा गोष्टी सांगतील. दुसऱ्या दिवशी गोरक्ष माझं पत्र आणेल, ते वाचेपर्यंत कोणाचं ऐकू नकोस. मला माहीत नाही काय होईल. करार मोडला आहे हे खरंच आहे, आणि लोकांनी सवलत काढली तर मी त्यांना दोष देणार नाही.

 

विजू

---

बोरजाई
२ मे २०२५

धना, माझे धना,

आधी बस. मग पाणी पी. मग वाच.

मारुतीच्या देवळासमोर मांडव होता, आणि ग्रामसभेला नेहमी येतात त्याच्या तिप्पट माणसं. बायका तर एवढ्या, की पुरुष कडेला सरकले. मी सतरंजीवर, बायकांत. वैजनाथ धुतलेला सदरा घालून उभा राहिला, कागद हातात. त्याने अगदी सरळ सुरुवात केली. "विषय क्रमांक चार. ग्रामपंचायतीने व शासनाने दिलेल्या करसवलतींची माहिती." मी मनात म्हटलं, शाब्बास.

पण माईक हाती आल्यावर माणसाची सवय कुठे जाते? दुसऱ्याच ओळीला त्याचा सूर चढला. "बोरजाई ग्रामस्थांकडून! धनश्री हर्षल सातपुते, केडगावकर, यांना! कारखान्याच्या घरपट्टीत तीन वर्षांची सूट! धन्यवाद!"

मांडव असा हसला, की देवळावरची कबुतरं उडाली.

पुंजारामनाना उठले. "आरं वैजनाथ, लगीन हाय का सभा?"

"सवय हाय नाना, जीभ वळती तिकडंच." आणि पुढच्या ओळीला परत, "शासनाकडून त्यांनाच! वीज शुल्क माफ! पाव्हणे, धन्यवाद!"

धना, मी इतकी वर्षं भाषणं केली. लोकांना चिडवलं, पेटवलं, कधी रडवलं. पण वैजनाथच्या चुकीने जे केलं ते मला कधी जमलं नव्हतं. ते शब्द ऐकून लोकांचे चेहरे बदलले. 'बोरजाई ग्रामस्थांकडून' म्हटल्यावर कोणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी आपन दिलं की हे!" तीन वर्षं तो पंचायतीचा कागद होता. त्या घटकेला तो त्यांनी केलेला आहेर झाला. आणि आहेर करणारा माणूस ताठ बसतो, हे तूच लिहिलंस ना? बसले! सगळे ताठ बसले!

वैजनाथ पुढे वाचत गेला. पिठाच्या गिरणीला किती सूट. बचत गटाच्या पापड शेडला किती. मग एक नाव आलं, दूध संकलनाच्या शेडचं, आणि बायकांतून आवाज आला, "नाना, भाचाच ना तुमचा?" नाना म्हणाले, "व्हय, भाचा हाय. मग? न्हाई म्हनलोय का मी?" पण बसले मात्र पटकन.

मग आला परतीचा आहेर. हा शब्दही वैजनाथचाच, कागदात 'अटींची पूर्तता' असं होतं. "कारखान्याकडून गावाला! कबूल चाळीस जणींना काम! हजेरीवर…" आणि तो थांबला. पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. "सव्वीस."

कोणी हसलं नाही. मी सतरंजीकडे बघत होते.

नाना उठले. या वेळी सावकाश. "ऐकलं? चौदा कमी. यंत्र आनलं आन् बाया काढल्या. सूट पुरी घेतली. सरपंचबाई, आता बोला."

मी उठले आणि म्हटलं, "चूक कारखान्याची आहे, आणि बघितली नाही ही माझी." पुढे बोलणार होते. तयारी करून आले होते, तुला माहीतच आहे. पण माझ्या मागून छबूबाई उभी राहिली आणि मला खांद्याला धरून खाली बसवलं. अक्षरशः बसवलं!

"थांब गं तू. लई बोलती." आणि नानांकडे वळली. "पुंजाराम, त्या चौदातली मी एक. रोज गोनी सोलती. रोज हातात पैसा येतो. गेल्या माघात तुझ्या शेतात खुरपायला आल्ते त्याचं तू अजून दिलं न्हाईस. मग कामाचं तू मला सांगतो व्हय?"

काय गलका झाला म्हणून सांगू! तो ओसरल्यावर नाना म्हणाले, आणि हे त्यांनी बरोबरच म्हटलं, "ते काम हाय, मान्य. पन हजेरी न्हाई. बोट कापलं तर कोन बघनार? सुट्टी कोन देनार? करारात हजेरी लिव्हली हाय."

छबूबाई म्हणाली, "हे खरं बोललास. म्हैन्याला तीस गोन्या सोलती, पन माझं नाव कुठंच न्हाई."

तिथून पुढे भांडण राहिलंच नाही, धना. वाटाघाट सुरू झाली. लग्न ठरवताना दोन्हीकडचे बसतात तशी. एक म्हणे सगळी सूट काढा. दुसरा म्हणे मग कारखाना गेला तर? तिसरी म्हणाली, निम्मं काम पाळलंय तर निम्मी सूट द्या. कोणीतरी दुरुस्त केलं, निम्म्याहून जास्त पाळलंय. नानाच म्हणाले, "निम्मीच ठेवा, म्हंजी बाई घाई करंल." शेवटी हात वर झाले. सूट निम्मी. तीही एकेका वर्षाची. दरवर्षी एक मेला माईकवर वाचून मगच पुढची. चाळीसावी बाई हजेरीवर आली की सूट पूर्ण. आणि निम्म्या घरपट्टीचे जे पैसे येतील, त्यातून आधी कारखान्यापासून वस्तीपर्यंत दिवे लावायचे, संध्याकाळच्या पाळीच्या बायकांसाठी. हे सुचवलं पूजाने. नवी नवरी, माहेरी आली होती, हिरवा चुडा वाजवत उभी राहिली आणि सुचवून खाली बसली.

आणि सह्या? सभा संपल्यावर नाना माझ्याजवळ आले. "चोरून दिलंय म्हनून घेतल्या हुत्या सह्या. आता चोरून ऱ्हायलंच काय? पन पुढच्या साली मी पयल्या रांगेत बसनार, ध्यानात ठेवा." मी म्हटलं, नाना, तुमच्यासाठी खुर्ची मांडते. मनापासून म्हटलं. असा एक पुंजारामनाना प्रत्येक गावाला हवा, फक्त मजुरी वेळेवर देणारा.

मी काल एकही भाषण केलं नाही आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सभा जिंकले. आता तू सांग. निम्म्या सवलतीवर राहशील का? खरं उत्तर दे. राहता येणार नसेल तर तेही मी माईकवर सांगेन.

तुझी,
विजू

---

केडगाव
६ मे २०२५

प्रिय विजू,

तुझं पत्र मी गोदामात, गोण्यांच्या थप्पीवर बसून वाचलं. गोरक्ष समोर उभा. त्याला सगळं माहीत होतं, पण तू शपथ घातली होतीस म्हणून तो ओठ दाबून उभा होता, बिचारा. मी हसायला लागले तेव्हा त्याने श्वास सोडला.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. सुप्याचं तू रागातलं समजलीस. मी तिथे जागेचा विसार देऊन आले होते. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी त्या माणसाला फोन केला आणि जागा नको म्हटलं. तो म्हणाला, विसार परत मिळणार नाही. मी म्हटलं, चालेल. पैसे बुडाले आणि मी गोदामात पेढे वाटले, असं पहिल्यांदाच झालं.

तर उत्तर हे. राहते. निम्म्यावर राहते. हिशेब बसवला आहे. दुसरा ड्रायर यंदा नाही, पुढच्या वर्षी. तू व्यापाऱ्यांबद्दल म्हणाली होतीस ते मात्र अर्धंच खरं निघालं. एकाने फोन करून भाव पाडायला सुरुवात केलीच. मी त्याला म्हटलं, "माझं सगळं माईकवर वाचलेलं आहे, आता तुमचं वाचा, तुम्ही कितीला विकता?" त्याची रेंज गेली.

काल कारखान्यावर आले होते. तू नेवाशाला गेलेली, म्हणून पुन्हा लिहिते आहे. गेटवर पाटी रंगवायला रंगारी लावला आहे. तीन वर्षांत गावाने काय सोडलं, सरकारने काय सोडलं, मी काय कबूल केलं, हजेरीवर किती. सव्वीसचा आकडा त्याने लहान काढला होता, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. मी पुसून मोठा काढायला लावला. शेजारच्या गावातल्या दोघीजणी रस्त्याने चालल्या होत्या, त्या थांबल्या, वाचलं. एक दुसरीला म्हणाली, "आपल्याकडं त्यो खडी कारखाना हाय, त्याला काय सोडलंय गं?" दुसरी म्हणाली, "सभा कवा हाय?" विजू, मला वाटतं आता तुला आणखी काही सरपंचांचे फोन येतील. रागावलेले. शांतपणे घे.

मग छबूबाई आली. गेटसमोर उभी राहून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं, पुकारलं तर झिजलीस का कुठं?"

"नाही आजी. उलट अंग हलकं झालं."

"मग आता माझ्या सुनेला घे. उद्यापासनं."

मी म्हटलं, "घेते की. गोण्या घरी पाठवू का?"

तिने पदर खोचला आणि माझ्या पाटीवरच्या सव्वीसवर बोट ठेवलं. रंग ओला होता, बोटाला लागला.

"गोन्या नको. हजेरीवर घे. आन् त्या रंगाऱ्याला सांग, ह्यो आकडा पक्का करू नको म्हनावं."

तुझी,
धना